एका पेटींत दोन झुंजार

भिवंडी तालुक्यांतील गणेशपुरी हें गांव ऊन पाण्याच्या कुंडांमुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. शेजारींच वज्रेश्वरी, जवळच अकलोली, आणि या साऱ्या टापूंतून वाहणारी तानसा नदी. यात्रेकरू कुंडांत पाय घालतो तेव्हां प्रथम चटका बसतो आणि मग अंग हळूहळू सरावतें. त्याच कुंडापासून थोड्या पावलांवर नदीचें पाणी मात्र गार असतें. कुंडांत मासा दिसत नाहीं, नदींत दिसतो. मनुष्याप्रमाणें स्वतःच्या अंगाची ऊब राखण्याची शक्ति माशास नाहीं. भोंवतालचें पाणी जेवढें ऊन तेवढेंच त्याचें रक्त ऊन. म्हणून मनुष्य थंडींतून उठून कुंडांत उतरूं शकतो, मासा तसें करूं शकत नाहीं. पाणी बदललें कीं त्याचें सारें जगच बदलतें.

या तानसेस गणेशपुरीच्याहि वर, शहापूर तालुक्यांत बांध घातलेला आहे. तो १८९२ सालीं पुरा झाला आणि तेथून मोठ्या नळांनीं पाणी मुंबईस नेण्यांत आलें. आज मुंबईस सात तलावांचें पाणी मिळतें, त्यांत तानसा हा एक. तेव्हां ज्या नदीच्या कांठीं गणेशपुरीचीं भातखाचरें आहेत तिचाच कांहीं वांटा मुंबईच्या घराघरांतील नळांतून पडतो. आणि त्यांतलें बादली-दोन बादल्या पाणी पुष्कळ घरांत एका कांचेच्या पेटींत जातें. त्या पेटींत निळा किंवा तांबडा, लांब परांचा एक मासा असतो. त्याचें मूळ घर स्याम देश. बाजारांत त्यास ‘फायटर’ म्हणतात, शास्त्रज्ञ ‘बेट्टा’ म्हणतात, आणि खुद्द स्यामी लोक ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा, असें म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या नांवांत त्याचें भांडण आलें आहे, पण त्याचें घर एकाहि नांवांत आलेलें नाहीं.

तें घर कसें असतें हें समजण्यास स्यामपर्यंत जावयास नको. श्रावणांत भिवंडी किंवा वाडा तालुक्यांतील कोणत्याहि शेताच्या बांधावर उभें राहावें. वीतभर पाणी, त्यांत भाताचीं दाट रोपें, पाण्याचा रंग चहासारखा, आणि खाचराखाचरांमध्यें मातीचे बांध. स्यामांतील भातशेतें व दलदली याच धर्तीच्या असतात. तेथें हा मासा राहतो. प्रत्येक नर आपल्या वाट्यास रोपांच्या आडोशाचा एक तुकडा धरून असतो. दुसरा नर त्या हद्दींत आला तर हा कल्ले फुगवून, पर पसरून त्यास भेडसावतो. बहुधा तेवढ्यावरच काम भागतें. दुबळा निघून जातो, कारण निघून जाण्यास त्यास जागा असते. माशांची झुंज म्हणून जी जगप्रसिद्ध झाली ती मनुष्यानें ही निघून जाण्याची जागा काढून घेतली तेव्हांपासून.

अशा उथळ, उन्हानें तापलेल्या पाण्यांत प्राणवायु फार थोडा विरघळलेला असतो. त्यावर निसर्गानें या माशास एक उपाय दिला आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस अनेक घड्यांचें एक इंद्रिय असतें. त्याच्या घड्यांतील रक्तवाहिन्या हवेंतून थेट प्राणवायु घेतात. मासा वारंवार पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन हवेचा घोट घेतो तो याचसाठीं. ठाणें जिल्ह्यांतील लोकांस हें नवल वाटूं नये. मरळ आणि मांगूर हेहि हवा घेणारे मासे. कोळीण मरळीस थोड्याशा पाण्यांत जिवंत ठेवून बाजारांत आणते, तें त्याच गुणामुळें. इंद्रियाची रचना प्रत्येकाची निराळी, पण युक्ति एकच.

या गुणानेंच बेट्ट्याचा घात केला. जो मासा हवेवर जगतो त्यास पाणी कितीहि थोडें चालतें, अशी समजूत पसरली आणि ती आजहि दुकानांतील चिमुकल्या बाटल्यांत दिसते. श्वास कोंडत नाहीं हें खरें. पण मासा त्याच पाण्यांत मलविसर्जनहि करतो, आणि त्यांतून निघणारा अमोनिया कल्ल्यांस व त्वचेस जाळतो. शिवाय पेलाभर पाणी दुपारीं तापतें आणि पहांटे निवतें. बाटलींतला मासा गुदमरून मरत नाहीं, म्हणून त्याच्या मरणाचें कारण कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दोन महिन्यांनीं तो मेला म्हणजे ‘त्याचें आयुष्यच तेवढें’ असें घरांत म्हटलें जातें. नीट ठेवलेला बेट्टा दोन-तीन वर्षें सहज जगतो.

स्यामांत हा मासा पाळण्याची चाल किती जुनी? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासांत पाळीव बेट्टा रानटी बेट्ट्यापासून निदान एक हजार वर्षांपूर्वीं वेगळा पडूं लागला असावा असें अनुमान निघालें आहे. म्हणजे आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य चाललें होतें तो काळ. त्याच घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींचीं सविस्तर वर्णनें आहेत. कोंबड्यांची झुंज, लाव्यांची झुंज, एडक्यांची, रेड्यांची, सारें त्यांत आहे. मासाहि आहे, पण तो गळास लागणारा मासा. त्यास कोणतें आमिष घालावें याची चर्चा तेथें आहे. दक्षिणच्या रसिकांनीं पक्षी झुंजविले, पशु झुंजविले. मासा झुंजविण्याचा शोक मात्र स्यामकडेच राहिला.

त्या शोकाचें पहिलें शास्त्रीय वृत्त युरोपास दिलें तें थिओडोर कँटर या डेन्मार्कच्या वैद्यानें. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालकडील नोकरींत होता. १८४९ सालीं मलायांतील माशांविषयीं लिहितांना त्यानें सांगितलें कीं, स्यामांत या झुंजी दाखविण्याचा मक्ता दिला जातो आणि त्यापासून राजाच्या खजिन्यांत चांगलें उत्पन्न येतें. पैजा लावतांना लोक भान विसरत. कँटरनें माशास जें नांव दिलें तें पुढें चुकीचें ठरले, कारण तें नांव दुसऱ्याच एका जातीचें होतें. १९१० सालीं लंडनच्या टेट रीगन यानें त्यास ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हें आजचें नांव दिलें. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा.

झुंजीसाठीं पिढ्यान् पिढ्या निवड झाल्यामुळें पाळीव मासा रानमाशाहून फार वेगळा झाला. रानमासा थोड्या मिनिटांत माघार घेतो. पाळीव मासा तासन् तास लढतो. अशा माशांस एकत्र ठेवणें अशक्यच. म्हणून स्यामी पाळणारा प्रत्येक नरास वेगळ्या बरणींत ठेवी, बरण्या फळीवर ओळीनें मांडी आणि दोन बरण्यांमध्यें एकेक जाड कागद किंवा पुठ्ठा उभा करी. प्रसंगीं तो कागद थोडा वेळ काढला जाई. दोन्ही मासे एकमेकांस पाहून फुलत, पर ताणत, कांचेवर धडका देत. मग कागद पुन्हां जागीं बसे. मल्लास तालमींत जोर-बैठका, तशी माशास ही तालीम. बेट्ट्याचा पहिला पडदा तो हा. तो पाण्याच्या बाहेर होता, आरपार दिसत नव्हता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस पाणीहि वेगळें होतें. पुढील हकीकतीसाठीं या तिन्ही गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत.

आतां कांचेच्या पेटीकडे वळावें. ती स्यामची नव्हे, इंग्लंडची. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें दोन सोनमासे, एक पाणवनस्पति व कांहीं गोगलगाई एका पात्रांत ठेवून पाणी न बदलतां तीं कशीं टिकतात याचा वृत्तांत १८५० सालीं प्रसिद्ध केला. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा, माशानें तो घ्यावा, गोगलगाईनें कुजकें पान खावें असा तो त्रिकोण होता. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें पहिलें सार्वजनिक प्रदर्शन उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस याच्या पुस्तकानें घरोघरीं कांचेच्या पेट्यांचें वेड शिरलें. वॉरिंग्टनचा त्रिकोण सुंदर होता, पण त्यांत एक कोन राहून गेला होता. अमोनिया जातो कोठें? त्याचें उत्तर विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास दिलें. मातींत व पाण्यांत असे सूक्ष्म जंतु असतात कीं त्यांतील एक अमोनियाचें नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचें नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशास घातक, तिसरा पुष्कळच निरुपद्रवी. हे जंतु वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात, आणि नव्या पेटींत त्यांचा जम बसण्यास महिना-दीड महिना लागतो. पेटी आणली त्याच दिवशीं मासा सोडणारे पहिल्या पंधरवड्यांत कां रडतात याचें कारण हेंच आहे.

एका पेटींत कांच उभी करून दोन भाग करण्याची हकीकत प्रथम प्रसिद्ध झाली ती मात्र बेट्ट्याची नव्हे. जर्मनींतील कील येथील प्राध्यापक कार्ल मोबियस यानें १८७३ सालीं ती सांगितली आणि डार्विननें आपल्या ग्रंथांत ती उतरून घेतली. पाइक नांवाचा एक हिंस्र मासा कांचेच्या एका बाजूस आणि लहान मासे दुसऱ्या बाजूस होते. पाइक त्यांच्यावर झेप घेई आणि कांचेवर इतक्या जोरानें आदळे कीं कधीं कधीं बेशुद्ध पडे. असें तीन महिने चाललें. मग त्यानें नाद सोडला. पुढें कांच काढून घेतली, तरी त्या माशांस त्यानें स्पर्श केला नाहीं. नवे मासे सोडले ते मात्र खाल्ले. या गोष्टीवरून शिक्षणशास्त्रज्ञांनीं पुष्कळ व्याख्यानें झोडलीं आहेत. बेट्टा पाळणाऱ्यानें मात्र तिजवर विसंबूं नये. पाइक भुकेसाठीं आदळत होता, बेट्टा हद्दीसाठीं आदळतो. भूक दुसरीकडे भागते, हद्द भागत नाहीं. सहा महिने शेजारीं राहिलेल्या दोन नरांमधील कांच सरकली तर सकाळीं एकाचे पर फाटलेले आढळतात, आणि कधीं कधीं दोघांचेहि.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, म्हणजे मुंबईस तानसेचें पाणी आलें त्याच सुमारास, बेट्टा युरोपांत पोंचला. तेथें झुंजीचा धंदा नव्हता. रंगाची हौस होती. १९२७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँक लॉक यानें स्यामहून मागविलेल्या माशांत फिकट अंगाचे व तांबड्या परांचे कांहीं आढळले, आणि ही नवीच जात असें समजून त्यानें त्यांस वेगळें नांवहि दिलें. ती जात नवी नव्हती; पाळणाऱ्यांच्या निवडीनें रंग तेवढा पालटला होता. पुढें पर लांब होत गेले, शेपटी पंख्यासारखी पसरली. मल्लाचा नट झाला. परंतु अंगावर भरजरी शेला चढला तरी मल्लाचा स्वभाव गेला नाहीं, आणि शेला मात्र पहिल्याच धडकेंत फाटूं लागला.

मुंबईस समुद्रकांठचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें आणि कांचेआडचा मासा पाहण्याची गोडी येथील मुलांस लागली. घरांतील जागा लहान, पेटी एक, आणि मुलें दोन. एकास निळा मासा हवा, दुसऱ्यास तांबडा. दुभागलेली पेटी अशाच घरांत येते. तींत कांहीं वाईट नाहीं. दोन बाटल्यांहून दोन भागांची एक मोठी पेटी माशांस शतपटीनें बरी, कारण पाणी जितकें अधिक तितकें तें सावकाश बिघडतें व सावकाश निवतें. पण स्यामी कागद आणि घरांतील पडदा यांतला भेद येथेंच कळतो. कागदाच्या दोन बाजूंस दोन पाणीं होतीं. भोंकाभोंकांच्या पडद्याच्या दोन बाजूंस एकच पाणी असतें. भांडण पडद्यानें अडतें, रोग अडत नाहीं.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घ्या. त्याचा जंतु फ्रान्सच्या फूके यानें १८७६ सालीं वर्णिला. अंगावर रवा पेरल्यासारखे ठिपके दिसतात तेव्हां जंतु कातडीखालीं असतो. तो पुरता पोसला कीं मासा सोडून तळाशीं पडतो, भोंवतीं कवच करतो, आणि आंतल्या आंत दुभंगत शेंकडों पिल्लें करतो. कवच फुटलें कीं तीं पिल्लें पोहत दुसऱ्या माशाच्या शोधास निघतात. डोळ्यांस न दिसणाऱ्या त्या पिल्लांस पडद्याचीं भोंकें म्हणजे नगराच्या वेशीच होत. म्हणून दुभागलेल्या पेटींत एक मासा आजारी असेल तर दोन्हीं आजारी समजून उपाय करावा लागतो, आणि नवा मासा आणल्यावर तीन-चार आठवडे त्यास निराळ्या पात्रांत ठेवून मगच पडद्याआड सोडावा लागतो. या एका नियमाचा कंटाळा केल्यामुळें जितके बेट्टे मेले असतील तितके झुंजींत मेले नसतील.

पडद्यानें पाणी अगदींच अडविलें तर दुसरें संकट येतें. गाळणी एका भागांत, आणि दुसऱ्या भागांतलें पाणी कोंडलेलें. एकाकडे स्वच्छ ओढा आणि दुसऱ्याकडे डबकें. तेव्हां भोंकें हवींत, पण मासा डोकें घालील एवढीं मोठीं नकोत. कडा घांसून गुळगुळीत हव्यात, नाहीं तर लांब पर चिरतात. पडद्याच्या आणि कांचेच्या सांध्यांत फट नको, कारण मासा तेथेंच घुसून अडकतो. पडदा पाण्याच्या वर चांगला हातभर नसला तरी चार बोटें हवा व पेटीस झांकण हवें. भाताच्या खाचरांतला हा मासा उडी मारण्यांत पटाईत असतो. झांकणाखालीं हवेस जागा मात्र ठेवावी, कारण तो घोट घेतो तो त्याच हवेचा. गाळणीचा प्रवाह मंद असावा. प्रत्येक माशास पंधरा-वीस लिटर पाणी असावें. याहून कमींत पडदा घालणें म्हणजे खोलींत भिंत घालून तिचीं दोन कपाटें करणें होय.

पडदा आरपार दिसणारा असावा काय? पाहुण्यांस तो आवडतो, माशांस नाहीं. स्यामी मनुष्य कागद थोडा वेळ काढी आणि परत लावी, यांत हजार वर्षांचा अनुभव आहे. दिवसभर शत्रु समोर दिसत राहिला तर मासा अन्न टाकतो, पडद्याशीं येरझारा घालतो आणि झिजतो. गर्द पडदा, किंवा दोन्ही बाजूंस पाणवनस्पतींची दाट रांग, हा त्यावर उपाय. वनस्पति म्हणजे त्याचीं भाताचीं रोपें आणि पडदा म्हणजे बांध.

नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो. तो मनुष्याचें रक्षण करतो आणि माशाचे कल्ले भाजतो. पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवलें तर बहुतेक क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकार वापरतात त्या हायपोचे दोन-चार खडे पुरतात. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, सारें एकदम कधीं बदलूं नये. उष्णता चोवीस ते अठ्ठावीस अंश. मुंबई-ठाण्यास वर्षाचे बहुतेक महिने ही आपोआप मिळते, पण पुण्यास वा नाशकास पौषांतल्या रात्रीं पेटींत विजेचा तापक नसेल तर मासा तळाशीं बसून राहतो व पर मिटून घेतो. कोणी भाविकपणें गणेशपुरीच्या कुंडाचें पाणी आणून पेटींत घालूं नये. त्याची ऊब वाटेंतच निघून जाते आणि त्यांतले क्षार तेवढे माशाच्या वाट्यास येतात. त्यापेक्षां रस्त्याकडेच्या देशी बदामाचें आपोआप गळलेलें वाळकें पान धुऊन पाण्यांत सोडावें. स्यामी पाळणारे पिढ्यान् पिढ्या हेंच करतात. पाणी चहाच्या रंगाचें होतें, किंचित् आम्ल होतें, आणि मासा आपल्या खाचरांत परत आल्यासारखा वागतो.

स्यामचें नांव १९३९ सालीं थायलंड झालें, आणि २०१९ सालीं त्या देशानें या माशास आपला राष्ट्रीय जलचर ठरविलें. भारतांत १९६० च्या कायद्यानें कोणत्याहि प्राण्यास दुसऱ्याशीं झुंजविणें हा अपराध आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येंत मासाहि प्राणीच आहे. तेव्हां आपल्याकडे पडदा उचलण्याचें कायदेशीर निमित्त एकच उरतें, तें विणीचें. त्यासाठीं वेगळी पेटी करून मध्यें कांच घालतात. एका बाजूस नर, दुसऱ्या बाजूस मादी. नर पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचें घरटें बांधूं लागतो. मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले आणि ती भिण्याऐवजीं डोकें खालीं करून कांचेकडे येऊं लागली म्हणजे कांच काढतात. अंडीं पडलीं कीं नर तीं तोंडांत झेलून एकेक करून बुडबुड्यांत ठेवतो, आणि मादीस हांकलतो. तिला तेव्हांच बाहेर काढावें लागतें. एक-दीड दिवसानें पिल्लें फुटतात, खालीं गळतात, आणि हा कजाग मासा त्यांना पुन्हां पुन्हां उचलून घरट्यांत नेऊन ठेवतो. आणखी दोन-तीन दिवसांनीं पिल्लें आपल्या बळावर पोहूं लागलीं कीं त्यासहि काढतात. तीं भावंडें पहिले दोन-तीन महिने एकाच पाण्यांत गुण्यागोविंदानें वाढतात. मग एके सकाळीं त्यांतला एखादा कल्ले फुगवितो, आणि पाळणारा बरण्या धुण्यास घेतो.